रुडयार्डचे तळे

नद्यांची आणि तळ्यांची नावे मुलांना ठेवण्याची आपली रीत जुनी आहे. आजीच्या पिढीत गोदावरी, कृष्णा, यमुना घरोघर असत. आता त्या कमी झाल्या, तरी आपल्या मंडळाच्या यादीत एखादा पुष्कर किंवा मानस सापडतोच, आणि ही दोन्ही नावे सरोवरांचीच आहेत. इंग्रजांमध्ये ही रीत फारशी दिसत नाही. ३० डिसेंबर १८६५ रोजी मुंबईत, सर जमशेटजी जीजीभॉय कलाशाळेच्या आवारात एका इंग्रज जोडप्याला मुलगा झाला. त्याला त्यांनी स्टॅफर्डशायरमधल्या एका लहानशा तळ्याचे नाव ठेवले. मुलाचे नाव जोसेफ रुडयार्ड किपलिंग, तळ्याचे नाव रुडयार्ड.

‘जंगल बुक’ आपल्या मुलांनी वाचलेले किंवा निदान पडद्यावर पाहिलेले असते. मोगलीचे जंगल सिवनीचे, म्हणजे नागपूरहून जबलपूरकडे जाताना लागते ते, हेही पुष्कळांना ठाऊक असते. किपलिंगचे साम्राज्याविषयीचे विचार आपल्याला पटण्यासारखे नाहीत आणि ते पटवून घेण्याची गरजही नाही. पण ज्या तळ्यावरून त्याचे नाव पडले, त्या तळ्याचा इतिहास मुद्दाम सांगण्याजोगा आहे. लीक या गावाजवळचे हे तळे मँचेस्टर, स्टोक किंवा बर्मिंगहॅमच्या मंडळींना एका दिवसात जाऊन येण्यासारखे आहे. आज तिथे होड्या भाड्याने मिळतात, लोक गळ टाकून बसतात, मुले कयाक आणि पॅडलबोर्ड घेऊन पाण्यात उतरतात. हे सगळे इतके साधे दिसते की ते मुळात कसे शक्य झाले, हा प्रश्न मनात येत नाही. इतिहास शिकवणाऱ्याची खोड अशी, की त्याला हाच प्रश्न आधी पडतो. माझे उत्तर असे आहे: पाण्यावर सहलीला जायचे तर तीन गोष्टी लागतात. पाणी हवे, सुट्टी हवी आणि तिथे जाण्याचा हक्क हवा. या तिन्हींची गोष्ट रुडयार्डला सापडते आणि तिचे धागे आपल्या महाराष्ट्रात पोहोचतात.

कालव्यासाठी साठवलेले पाणी

रुडयार्डचे तळे निसर्गाने दिलेले नाही. ते धरण आहे. अठराव्या शतकात स्टोकच्या परिसरात, ज्याला ‘पॉटरीज’ म्हणतात त्या सहा गावांत, चिनी मातीच्या भांड्यांचा धंदा भरभराटीला आला. भांडी खडबडीत रस्त्यावरून घोड्यांच्या पाठीवर न्यायची म्हणजे निम्मी वाटेतच फुटायची. म्हणून जोसाया वेजवुडसारख्या कारखानदारांनी कालव्याचा पुरस्कार केला. जेम्स ब्रिंडली या अभियंत्याने आखलेला ट्रेंट आणि मर्सी कालवा १७७७ मध्ये पुरा झाला. त्याला जोडून कॅल्डन कालवा निघाला. त्यावरून मुख्यतः कॅल्डन लो इथल्या खाणींचा चुनखडीचा दगड येई. लोखंडाच्या भट्ट्यांना आणि शेतातल्या चुन्याला तो लागे.

पण कालव्याला पाण्याची तहान फार. कालवा डोंगराच्या उंचवट्यावरून जातो तेव्हा नावा चढवाउतरवायला लॉक लागतात. लॉक म्हणजे दोन्ही बाजूंना दारे असलेला पाण्याचा हौद. नाव एकदा खाली उतरली की त्या हौदातले पाणी वरच्या पातळीवरून खालच्या पातळीवर जाते आणि पुन्हा वर येत नाही. दिवसभर नावांची ये-जा चालली की वरचा टप्पा कोरडा पडू लागतो. तो भरता ठेवायचा तर वर कुठेतरी मोठा साठा हवा. त्यासाठी कंपनीने १७९७ मध्ये संसदेकडून कायदा मंजूर करून घेतला आणि जॉन रेनी या नामवंत अभियंत्याच्या योजनेनुसार रुडयार्डच्या अरुंद दरीत मातीचे धरण बांधले. अठरावे शतक संपता संपता दरी पाण्याने भरली. पुढे डेन नदीचे पाणीही पाटाने आणून तळ्यात सोडले गेले.

हा प्रकार आपल्याला ओळखीचा वाटावा. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावात होडीत बसून फोटो काढला नाही असे मराठी कुटुंब विरळा. तो तलाव सातारचे शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराज यांनी १८४२ साली बांधवला तो गावाला पाणी मिळावे म्हणून. मुंबईचे विहार आणि तुळशी हे तलाव शहराच्या पिण्याच्या पाण्यासाठी झाले. पवईचा तलाव १८९१ च्या सुमारास त्याच हेतूने बांधला. त्याचे पाणी पिण्याच्या कामाचे ठरले नाही, आणि पुढे तो गळ टाकणाऱ्या हौशी मंडळींचा आवडता तलाव झाला. पुण्यातल्या पर्वतीच्या पायथ्याचे तळे नानासाहेब पेशव्यांनी करवले. त्याच्या मधल्या बेटावर १७८४ मध्ये गणपतीची स्थापना झाली. आज तळे बुजून तिथे सारसबाग झाली आहे, तरी जुने पुणेकर अजून त्याला तळ्यातला गणपतीच म्हणतात. पाणी साठवले जाते ते शेतीसाठी, तहानेसाठी किंवा धंद्यासाठी. माणसे मागाहून होड्या घेऊन येतात.

धुरातून तळ्याकडे

रुडयार्डला माणसे आली ती रेल्वेमुळे. नॉर्थ स्टॅफर्डशायर रेल्वे कंपनीने १८४७ च्या सुमारास ट्रेंट आणि मर्सी कालवाच विकत घेतला आणि त्याबरोबर हे तळेही तिच्या मालकीचे झाले. १८४९ मध्ये चर्नेट नदीच्या खोऱ्यातून जाणारा लोहमार्ग सुरू झाला आणि तो तळ्याच्या पूर्व काठावरूनच गेला. तळे आपले, रेल्वेही आपली. कंपनीच्या लक्षात आले की कालव्यावर मालाचे भाडे मिळते, तसे तळ्यावर माणसांचे तिकीट मिळेल. सहलीच्या खास गाड्या सुटू लागल्या.

त्या गाड्यांमधून कोण येत असे ते पाहण्यासारखे आहे. पॉटरीजमध्ये बाटलीच्या आकाराच्या शेकडो भट्ट्या कोळशावर जळत. दिवसाही आकाश दिसू नये असा धूर असे. मातीची कोरडी धूळ छातीत जाऊन कामगारांना फुप्फुसाचा आजार जडे, आणि भांड्यांना चमक आणणाऱ्या लेपातले शिसे अंगात भिनत असे. लहान मुले कामावर असत. कारखाना कायदा पॉटरीजला लागू झाला तोच १८६४ मध्ये. अशा माणसाला तासाभराच्या प्रवासात डोंगर, झाडी आणि लांबच लांब स्वच्छ पाणी दिसत असेल तर त्याला काय वाटत असेल, हे वेगळे सांगायला नको. गिरणगावातून माथेरानला किंवा वसईच्या किनाऱ्यावर गेलेल्या माणसाला विचारावे.

पुढे तळ्यावर तमाशेही झाले. १८७५ मध्ये इंग्लिश खाडी पोहून जाणारा पहिला माणूस कॅप्टन मॅथ्यू वेब १८७७ साली रुडयार्डला पोहून दाखवायला आला. त्याच दशकात कार्लोस ट्रोवर हा कृष्णवर्णीय डोंबारी, ज्याला लोक ‘आफ्रिकन ब्लाँडिन’ म्हणत, तळ्यावर ताणलेल्या दोरावरून चालत गेला. व्हिक्टोरियाच्या काळातल्या एका आडगावच्या तळ्यावर हजारो गोरे प्रेक्षक एका काळ्या कलावंतासाठी माना वर करून उभे आहेत, हे चित्र मुलांना जरूर सांगावे. या देशाच्या ग्रामीण इतिहासात आपल्यासारख्या रंगाची माणसे कधी नव्हतीच, असे त्यांना वाटत असते.

सहल, लग्न आणि मुंबईची मंडई

१८६३ च्या उन्हाळ्यात अशाच एका सहलीत जॉन लॉकवुड किपलिंग आणि अ‍ॅलिस मॅकडोनाल्ड यांची भेट झाली. लॉकवुड यॉर्कशायरमधल्या पिकरिंगचा, पॉटरीजमधल्या बर्स्लेम गावी भांड्यांच्या कारखान्यात नक्षीकाम करणारा तरुण कारागीर. अ‍ॅलिस मेथडिस्ट धर्मोपदेशकाची मुलगी, आणि तिचा भाऊ त्या वेळी बर्स्लेमलाच धर्मोपदेशक होता. तिच्या बहिणींपैकी एकीने चित्रकार बर्न-जोन्सशी लग्न केले आणि दुसरीचा मुलगा स्टॅन्ली बाल्डविन पुढे ब्रिटनचा पंतप्रधान झाला. मार्च १८६५ मध्ये लॉकवुड आणि अ‍ॅलिसचे लग्न झाले आणि लगेच ती दोघे मुंबईला निघाली. तिथल्या कलाशाळेत लॉकवुडला शिल्पकामाच्या शिक्षकाची नोकरी मिळाली होती. नवीन देश, नवीन भाषा, पोटात मूल आणि मागे राहिलेल्या देशातली एक गोड आठवण. मुलाला त्या आठवणीचे नाव द्यावेसे वाटले, हे आपल्याइतके कोणाला कळणार? आपल्यापैकी कित्येकांनी इथल्या घरांना गावाकडची नावे दिली आहेत. टपालवाल्याला वाचता येत नाही, तरी दारावर ‘कृष्णाकाठ’ लिहिलेले असते.

लॉकवुड मुंबईत दहा वर्षे राहिला. त्याचे काम आजही रोज हजारो मुंबईकर पाहतात, फक्त ते त्याचे आहे हे त्यांना ठाऊक नसते. क्रॉफर्ड मार्केटच्या दर्शनी कमानींवर कोरलेली शेतकऱ्यांची आणि बाजाराची दगडी शिल्पे आणि आतले कारंजे त्याच्या आराखड्याचे. बर्स्लेममध्ये मातीवर फिरलेला हात मुंबईत दगडावर फिरला. त्या मार्केटचे आजचे नाव महात्मा जोतिबा फुले मंडई. शेतकऱ्याच्या दुःखाला वाचा फोडणाऱ्या फुल्यांचे नाव त्या शेतकऱ्यांच्या शिल्पांवर यावे, हा योगायोग मला नेहमी समाधान देतो.

रविवार कोणी दिला?

फुल्यांचे नाव आले म्हणजे सुट्टीची गोष्ट सांगितलीच पाहिजे. तळे आहे, गाडी आहे, पण कामगाराला सुट्टीच नसेल तर दोन्हींचा उपयोग काय? ब्रिटनमध्ये रविवार धर्मामुळे आधीपासून मोकळा होता. १८५० च्या कारखाना कायद्याने कापड गिरण्यांतल्या स्त्रियांना आणि मुलांना शनिवारी दुपारी दोननंतर कामावर ठेवायला बंदी केली, आणि त्यामुळे गिरण्याच लवकर बंद होऊ लागल्या. शनिवारची दुपार हळूहळू इतर धंद्यांतही मोकळी झाली. सर जॉन लबक यांच्या १८७१ च्या कायद्याने बँक हॉलिडे आले. आज आपण ज्याला ‘वीकेंड’ म्हणतो तो या तुकड्यांतून जुळत गेला.

मुंबईच्या गिरण्यांमध्ये तेव्हा आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत काम चाले आणि विश्रांती मालकाच्या मर्जीवर असे. सत्यशोधक समाजाचे आणि फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली. सभा भरवल्या, अर्ज केले, हजारो सह्या गोळा केल्या. १० जून १८९० रोजी गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आपल्याकडचा रविवार इंग्रजांबरोबर आपोआप आला, असे पुष्कळ लोक समजतात. गिरणी कामगाराच्या बाबतीत ते खरे नाही. कचेरीतल्या साहेबाला रविवार होता. साच्यावरच्या कामगाराला तो लोखंड्यांनी मिळवून दिला. तेव्हा पुढच्या वेळी रविवारी डबे भरून तळ्यावर जाल, तेव्हा मुलांना एवढे एक नाव सांगा.

तळे कोणाचे?

आता तिसरी गोष्ट, हक्काची. सगळ्यात कठीण हीच आहे.

रेल्वे कंपनीने रुडयार्डवर सहली, होड्या, शर्यती यांचा थाट मांडला, तेव्हा काठावरच्या क्लिफ पार्क या इस्टेटीच्या मालकीणबाई फॅनी बोस्टॉक यांनी तिच्यावर दावा लावला. त्यांचे म्हणणे कायद्याच्या भाषेत बिनतोड होते. संसदेने ही जमीन घेऊ दिली ती कालव्याला पाणी पुरवण्यासाठी, लोकांच्या जत्रा भरवण्यासाठी नव्हे. १८५० च्या दशकात हा खटला चालला आणि कोर्टाने बाईंचे म्हणणे मानले. तळे कालव्याचे आहे, कंपनीने त्यावर जलक्रीडा भरवू नये, असा निर्णय झाला. ब्रिटनच्या कायद्याच्या पुस्तकांत हा खटला अजून सापडतो. तरी माणसे यायची थांबली नाहीत. लॉकवुड आणि अ‍ॅलिसची भेट या निकालानंतरची आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कंपनीने संसदेकडून नवा कायदा करून घेतला, तेव्हा कुठे तळ्यावरच्या करमणुकीला रीतसर परवानगी मिळाली.

बोस्टॉकबाईंना दोष देऊन उपयोग नाही. आपल्या दाराशी दर सुट्टीला गर्दी लोटली तर आपल्यालाही त्रास होईल. पण त्या खटल्यात एक प्रश्न कोणी विचारलाच नव्हता: ज्या कामगारांच्या श्रमावर कालवा, रेल्वे आणि इस्टेट ही तिन्ही उभी होती, त्यांचा या पाण्याशी काही संबंध आहे की नाही?

हाच प्रश्न आपल्याकडे फार धारदार होऊन उभा राहिला. रायगड जिल्ह्यातल्या महाडचे चवदार तळे लहानसेच आहे. त्या तळ्यावर होडी फिरवायची नव्हती. ओंजळभर पाणी प्यायचे होते. सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव १९२३ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळाने मंजूर केला. त्यानुसार सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्यांना खुले व्हायचे होते. महाडच्या नगरपालिकेनेही तसा ठराव केला. कागदावर तळे खुले झाले, प्रत्यक्षात कोणाची काठावर जायची छाती नव्हती. जनावरे त्या तळ्याचे पाणी पीत, माणसांना मनाई होती. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले आणि त्यांनी ते पाणी प्राशन केले. त्यानंतर त्यांच्या माणसांवर हल्ले झाले आणि तळे ‘शुद्ध’ करून घेण्यात आले. प्रकरण कोर्टात गेले ते दहा वर्षे चालले. मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बाबासाहेबांच्या बाजूने निकाल दिला: लोकांना तळ्यापासून दूर ठेवण्याची अनादिकाळापासूनची रूढी सिद्ध झालेली नाही.

या दोन खटल्यांची तुलना मी बरोबरीची म्हणून करत नाही. स्टोकच्या कुंभाराला रुडयार्डच्या पाण्यात हात घातल्याबद्दल कोणी विटाळ मानला नाही. महाडचा अपमान जन्मावरून होता आणि तो तहानेवर घातलेला बंध होता. पण दोन्ही ठिकाणी प्रश्न तळ्याचा होता आणि दोन्ही ठिकाणी कोर्टासमोर एकच मुद्दा होता, की हे पाणी कोणाचे. आणखी एक लक्षात ठेवण्याजोगे आहे. महाडच्या आधी थोडीच वर्षे बाबासाहेब इथे लंडनमध्ये होते. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन इथे त्यांनी शिक्षण पुरे केले. किंग हेन्रीज रोडवरचे त्यांचे घर महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये विकत घेतले. आपल्यातले पुष्कळजण ते पाहून आले आहेत.

रुडयार्डपासून फार दूर नसलेल्या किंडर स्काउट या डोंगरावर २४ एप्रिल १९३२ रोजी मँचेस्टरच्या परिसरातले तरुण कामगार शेकडोंनी चढून गेले. तो डोंगर जमीनदारांनी शिकारीसाठी राखून ठेवला होता. बेनी रॉथमन हा वीस-एकवीस वर्षांचा, ज्यू कुटुंबातला पोरगा त्यांचा पुढारी होता. पाच जणांना तुरुंगवास झाला. पण त्या शिक्षेने लोकमत फिरले. १९४९ मध्ये राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला आणि १९५१ मध्ये पीक डिस्ट्रिक्ट हे ब्रिटनमधले पहिले राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले. त्याच १९३२ साली न. चिं. केळकरांच्या पुढाकाराने लंडनचे महाराष्ट्र मंडळ स्थापन झाले. एकीकडे या देशातले गरीब लोक आपल्याच डोंगरावर पाय ठेवण्याचा हक्क मागत होते, आणि दुसरीकडे मूठभर मराठी माणसे या देशात आपली बसायची जागा तयार करत होती.

आता आपण

हक्काची ही गोष्ट अजून संपलेली नाही. २००० सालच्या कायद्याने इंग्लंड आणि वेल्समध्ये डोंगर, माळरान, सार्वजनिक कुरणे यांवर पायी फिरण्याचा हक्क दिला. पण त्या हक्कात तळ्या-नद्यांवर नाव नेणे किंवा त्यांत पोहणे येत नाही. स्कॉटलंडने २००३ च्या कायद्याने इंजिन नसलेल्या होडीतून आतल्या पाण्यावर जाण्याचा हक्क सर्वांना दिला, मात्र जबाबदारीने वागण्याच्या अटीवर. म्हणजे लॉक लोमंडवर कयाक नेणारा माणूस हक्काने जातो, आणि इंग्लंडमधल्या बहुतेक तळ्यांवर तो कोणाच्या तरी परवानगीने जातो. रुडयार्डचे तळे रेल्वेकडून सरकारकडे आणि २०१२ पासून कॅनाल अँड रिव्हर ट्रस्टकडे आले. कालव्याला पाणी पुरवण्याचे त्याचे मूळ काम आजही चालू आहे. उन्हाळ्यात पाणी खाली गेलेले दिसले तर कालव्याने ते प्यायले असे समजावे.

आपल्या पहिल्या पिढीने या पाण्याकडे फारसे पाहिले नाही. कारणे साधी होती. शनिवारीही काम असे, गाडी नसे, पोहता येत नसे. शिवाय आणखी एक गोष्ट होती, जी आम्ही मोठ्याने बोलत नसू. सत्तरच्या दशकात मी मुलांना घेऊन एका तळ्याकाठी बसलो होतो. एका गृहस्थाने येऊन ही जागा खाजगी आहे असे सांगितले. पाच पावलांवर दुसरे एक कुटुंब चहा पीत बसले होते, त्यांना काही सांगितले नाही. आम्ही उठलो. मुलांना काही बोललो नाही. त्या काळी आम्ही असेच उठून येत असू. आता माझी नात शाळेच्या गटाबरोबर कयाक घेऊन जाते आणि तिला कोणी उठवत नाही. मधल्या पन्नास वर्षांत बदललेली ही गोष्ट मला लहान वाटत नाही.

तेव्हा पुढच्या वसंतात जाऊन यावे. काही व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. इंग्लंडमध्ये गळ टाकायचा तर तेरा वर्षांवरील प्रत्येकाला एन्व्हायर्नमेंट एजन्सीचा परवाना लागतो. तेरा ते सोळा वर्षांच्या मुलांना तो फुकट मिळतो, पण काढावा लागतोच. त्याशिवाय त्या तळ्याच्या मालकाचे किंवा क्लबचे दिवसाचे तिकीट वेगळे असते. नद्यांवर १५ मार्च ते १५ जून मासेमारी बंद असते. पुष्कळशा तळ्यांना ही बंदी लागू नाही, तरी विचारून घ्यावे. रुडयार्डला पाइक, पर्च, रोच, ब्रीम हे मासे मिळतात. इथल्या रीतीप्रमाणे मासा गळाला लागला की ओल्या हाताने धरून, गळ सोडवून पाण्यात परत सोडतात. कालवणाच्या आशेने आलेल्या कोकणी माणसाला याचे दुःख होणार, पण त्याला इलाज नाही. सुरमई मंडईतूनच आणावी.

स्वतःची कयाक किंवा पॅडलबोर्ड न्यायचे असेल तर आधी परवानगी कशी मिळते ते पाहावे. अंगात तरंगणारे जाकीट घातल्याखेरीज कोणी, पोहणाऱ्यानेसुद्धा, होडीत बसू नये. इथले पाणी उन्हाळ्यातही वरून कोमट आणि आतून बर्फासारखे असते. अचानक पडल्यावर दम कोंडतो आणि चांगला पोहणाराही बुडतो. ज्यांना पाण्यात उतरायचे नाही त्यांच्यासाठी पूर्व काठावर छोटी वाफेची गाडी आहे. मोठा लोहमार्ग बंद झाल्यावर त्याच जागेवर १९८५ पासून सव्वादहा इंची रुळांवर ती धावते. आजी-आजोबांनी नातवंडांना घेऊन तिच्यात बसावे.

काठावर बसलात की मुलांना विचारा, हे धरण कशासाठी बांधले असेल? त्यांनी ‘होड्यांसाठी’ असे उत्तर दिले तर वेजवुडच्या भांड्यांपासून सुरुवात करा. वाटेत बर्स्लेमचा कारागीर भेटेल, क्रॉफर्ड मार्केटचा दगडी शेतकरी भेटेल, लोखंड्यांचा रविवार भेटेल आणि चवदार तळ्यावरची ती ओंजळ भेटेल. गोष्ट लांब आहे. एक थर्मास चहा आणि दोन डबे चिवडा पुरेल.

सर्वांना दीपावलीच्या शुभेच्छा.